खालच्या शेताची हवा

६ जून

लिहायला बसायचे कारण एकच: धाकट्याने मला न विचारता आमचे खालचे शेत हवा मोजणाऱ्या केंद्राला दिले आहे. धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. शेत विकलेले नाही, भाड्यानेही दिलेले नाही. मोजायला दिले आहे. उद्या यावरून वाजणार, आणि वाजले की या घरातला प्रत्येकजण "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणतो. म्हणून कोण काय म्हणाले ते त्या त्या दिवशीच लिहून ठेवायचे ठरवले. दिवस रिकामा गेला तर लिहिणार नाही. शाई फुकट येत नाही.

"सगळेच देतायत, ताई," तो म्हणाला.

"सगळ्यांना सर्दी झाली म्हणून आपणही नाक शिंकरायचं का?"

त्यावर तो मोटारसायकल पुसायला गेला. वाद सुरू झाला की त्याला मोटारसायकल मळकी दिसते.

समजावून सांगायचे काम मग भावजयीकडे आले. ती मृदाशास्त्र शिकली आहे आणि ते लपवत नाही. म्हणाली, खालची जमीन चिकण. पाऊस झाला की पाणी तुंबतं, मातीला श्वास घेता येत नाही. अशात घातलेला युरिया मक्याच्या मुळाला मिळायच्या आधीच वायू होऊन उडून जातो. आणि तो वायू साधा नाही. पृथ्वी तापवण्यात कर्बवायूच्या शेकडो पट पुढे.

"नाव काय त्या दिवट्याचं?"

"नायट्रस ऑक्साइड. हसवणारा वायू म्हणतात त्याला."

आई गेल्यापासून हे शेत मी बघते. हसवणारा वायू निघत असता तर या घरात एकदा तरी कुणी हसले असते.

शेवटी आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, खाटेवरून निकाल दिला. "अर्ध्या शेतात हिची पद्धत, अर्ध्यात तिची. हंगाम संपला की जिचं बरं ठरेल, पंपघराची किल्ली तिच्याकडे."

पंपघरात मोटार, बियाणे, खत, अवजारे सगळे असते. किल्ली ज्याच्या कमरेला, कारभार त्याचा. ती माझ्या कमरेला आहे. लिहिता लिहिता चाचपून पाहिली.

१५ जून

मका हातभर होण्याआधीच डबे आले. पांढरे, बिनबुडाचे, मातीत ठोकून बसवलेले, वर घट्ट झाकण. माझ्या भागात काही, भावजयीच्या भागात काही. दर आठवड्याला केंद्रातली एक मुलगी येणार, झाकणे लावणार आणि डब्याच्या बुचातून सुईने आतली हवा काढून बाटलीत भरणार. जमिनीला इंजेक्शन देताना पाहिले नव्हते. ही तर उलट रक्त काढते. मी तिचे नाव सुईवाली ठेवले. तिने माझे नाव मावशी ठेवले. मी सांगितले, मी कुणाची मावशी नाही. ती म्हणाली, "बरं मावशी."

ती डब्याचे काम समजावून सांगू लागली. मी थांबवले. म्हटले, मी तर्कशास्त्र घेऊन पदवी मिळवली आहे; झाकण कसे लावतात ते मला शिकवू नकोस. तिने खांदे उडवले आणि आपली टोपी शोधायला लागली. टोपी डोक्यावर होती.

२३ जून

आज माझ्या भागाला युरिया दिला. एकदाच, भरपूर, पावसाच्या तोंडावर. आईची पद्धत.

भावजय बांधावर उभी. "ताई, उद्या मोठा पाऊस सांगितलाय."

"म्हणूनच आज. पाण्याबरोबर खाली जाईल."

"थोडं खाली जाईल. बाकीचं वर जाईल."

"वर कोण आहे खायला?"

ती आपल्या भागाकडे वळली. तिने स्वतःच्या भागात उताराकडे चर खणले आहेत आणि खत मीठ टाकावे तसे चिमटीने घालते. थोडे आता, थोडे मका गुडघ्याला लागल्यावर, थोडे नंतर. ही शेती नव्हे, आजाऱ्याचे पथ्य.

२८ जून

पाऊस पडायचा तेवढा पडला. माझ्या भागात पाणी उभे आहे. चिकण जमीन आहे, उभे राहणारच. पाण्याला बसायला सांगायचे का?

सुईवाली गुडघ्यापर्यंत बूट घालून आली. माझ्या भागातल्या डब्यांना झाकणे लावली, पहिली सुई काढली आणि भावजयीच्या भागाकडे गेली. तिकडे ती रमते, दोघींच्या गप्पा होतात. मी जाऊन डबे पाहिले. झाकणे आतून घामाने थबथबलेली. मोजणारी माणसे लांबून येतात आणि आम्ही त्यांना असे घामट डबे देतो. मी एकेक झाकण काढले, फडक्याने आतून स्वच्छ पुसले, पुन्हा नीट बसवले. ती परत आली, उरलेल्या सुया काढल्या आणि म्हणाली, "मावशी, तुमच्याकडचे डबे कसे लख्ख असतात! तिकडे नुसता चिखल."

स्वच्छता अंगात असावी लागते. शिकून येत नाही. भावजयीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटले.

१२ जुलै

नेहमीप्रमाणे झाकणे पुसली. आता ठरूनच गेले आहे. ती तिकडे वळली की मी फडके घेऊन इकडे, ती परतेपर्यंत.

मका किंचित फिकट वाटतो. ढगाळ हवेमुळे असेल. आप्पा काठी टेकत बांधापर्यंत आले, म्हणाले, "अगं, तुझा मका पिवळा पडलाय."

आप्पांचा चष्मा बदलायला हवा.

१९ जुलै

निकाल आला. शांतपणे लिहायचे ठरवले आहे, पण जमत नाही.

भावजयीच्या भागातून वायू निघतो. थोडा, पण निघतो. माझ्या भागातून निघत नाही. निघत नाही एवढेच नव्हे, आकडा शून्याच्या खाली आहे! केंद्राचे साहेब स्वतः गाडी घेऊन आले. बुटाला चिखल लागू नये म्हणून बांधावरच थांबले आणि तिथून शेताला नमस्कार करावा तसे हात जोडले.

"ताई, तुमची जमीन वायू सोडत नाही, पिते! जगात जे वर चाललंय ते तुमच्याकडे खाली येतंय."

"आम्ही पहिल्यापासून काटकसरी," मी म्हटले.

सुईवाली डोके खाजवत होती. "साहेब, चिकण जमीन, पाणी साचलेलं, एवढा युरिया... उलट सगळ्यात जास्त यायला हवं होतं."

"विज्ञानात आश्चर्याला जागा ठेवावी," साहेब म्हणाले. त्यांनी तिथल्या तिथे या प्रकाराला नाव दिले: ताई पद्धत. धाकट्याने टाळ्या वाजवल्या. बायकोने पाहिले तेव्हा मोटारसायकलीकडे गेला.

भावजय आकड्यांचा कागद घेऊन बराच वेळ ओट्यापाशी उभी होती. दूध उतू गेले. मी म्हटले, आकडे खोटे बोलत नाहीत. ती म्हणाली, "नाही ताई, आकडे नाही बोलत." तिचा हा स्वर मला आवडत नाही. दूध मी पुसले.

२७ जुलै

माझ्या भागातले पाणी बरेच ओसरले आहे. कसे ते कळत नाही, पाऊस तर चालूच आहे. जमीन शहाणी असते, आपली वाट आपण काढते. भावजयीला सांगितले. ती सकाळी फिरायला गेली होती म्हणे, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. एवढ्या चिखलात फिरायला जाते! शिकलेल्या माणसांचे शौक.

४ ऑगस्ट

फिकटपणा वाढला. खालची पाने टोकापासून पिवळी. हे खत कमी पडल्याचे लक्षण आहे हे मलाही कळते. पण भरपूर घातलेले खत कमी कसे पडेल? तर्काला धरून नाही. घरी न सांगता आणखी एक मोठा हात युरिया दिला. एकदाच देण्याची पद्धत दोनदा वापरली, एवढेच.

संध्याकाळी गोठेवाला आला. आमच्या खालच्या शेताला लागून त्याचे शेत, तशीच चिकण जमीन. साहेबांनी ताई पद्धतीचे पत्रक वाटले आहे. त्याने ते घडी करून टोपीत ठेवले होते.

"ताई, मी आजवर तुमच्या वहिनींसारखं थोडं थोडं घालत होतो. आता तुमचं ऐकतो. पावसाच्या तोंडावर सगळं एकदाच. जमीन वायू पिते म्हणजे खत तिथंच राहत असणार, नाही का?"

"नाही तर कुठं जाणार?" मी म्हटले. तो गेल्यावर हे वाक्य मला फार आवडले नाही. का ते माहीत नाही.

१४ ऑगस्ट

आज पाहणीचा दिवस होता. घडले तसे लिहिते.

साहेबांनी आसपासचे शेतकरी जमवले होते. बांधावर खुर्च्या, कर्णा, पाण्याच्या बाटल्या. साहेब आधी स्वतःविषयी बोलले, मग वातावरणाविषयी, मग माझ्याविषयी, असे उतरत्या क्रमाने. लोकांची पाठ माझ्या मक्याकडे होती हे बरे झाले. खुर्च्या तशा मांडायची सूचना माझीच होती.

मग सुईवालीने सगळ्यांसमोर माझ्या भागातल्या एका डब्याला झाकण लावले. मी फडके घेऊन जवळच उभी. पाहुण्यांसमोर डबा घामट दिसायला नको.

ती म्हणाली, "आत्ता पहिली सुई घेतली. ही बाहेरच्यासारखीच हवा. आता अर्धा तास झाकणाला हात लावायचा नाही. जमिनीतून वायू निघत असेल तर तो आत कोंडत जातो. शेवटच्या सुईत जेवढा वाढलेला सापडेल तेवढा जमिनीचा."

कुणीतरी विचारले, "आणि मध्येच झाकण उघडलं तर?"

"मग कोंडलेलं सगळं उडून जाईल. आपण नुसती बाहेरची हवा मोजू, आकडा शून्य किंवा त्याहूनही खाली येईल, आणि म्हणू, वा, जमीन किती गुणी!"

लोक हसले. साहेब सगळ्यांत मोठ्याने हसले.

मी फडके पाठीमागे धरले. ते अजून कोरडे होते.

आता खरे लिहायचे तर मी लगेच बोलले नाही. डोक्यात आले ते असे: कुणी पाहिलेले नाही. सुईवालीला टोपी सापडत नाही, तिला हे काय सापडणार. किल्ली माझ्या कमरेला होती आणि मी ती मुठीत धरली होती. पाच-सहा माणसांना पाण्याच्या बाटल्याही नेऊन दिल्या.

मग गोठेवाला उठून म्हणाला, "मी तर सगळा युरिया आणून ठेवलाय. परवा पाऊस सांगितलाय. उद्या ओततो."

"ओतू नकोस," मी म्हटले.

सगळे माझ्याकडे वळले. म्हणजे माझ्या मक्याकडेही वळले.

मी सांगितले. प्रत्येक वेळी ही पलीकडे गेली की मी झाकणे काढून आतून पुसत होते. प्रत्येक आठवड्याला. याच फडक्याने.

साहेब कर्ण्यात म्हणाले, "ताई फार विनोदी आहेत."

"मी आयुष्यात विनोद केलेला नाही. धाकट्या, खुर्ची आण."

धाकट्याने पहिल्यांदा सांगितल्याबरोबर काम केले. मी डब्याशेजारी खुर्ची टाकून बसले. म्हटले, आता अर्धा तास या झाकणाला कुणी हात लावून दाखवावा. उन्हात सगळे थांबले. एक माशी झाकणावर बसली, तिलाही हाकलली नाही. सुईवालीचा चेहरा पांढरा पडला होता. हंगामभर वेचलेले तिचे आकडे मी पुसून टाकले होते. शेवटची सुई काढण्याआधी तिने बाहीने डोळे पुसले. मी म्हटले, "नीट काढ. रडायचं नंतर."

"बरं मावशी," ती म्हणाली.

मावशी म्हणण्याबद्दल आज काही बोलले नाही.

१५ ऑगस्ट

भावजयीने सकाळी चहा आणून दिला. मी वाट पाहत होते. ती कप ठेवून वळली तेव्हा मीच म्हटले, "बोल की. एवढा हक्क कमावलायस."

"काय बोलू? मला वाटायचं, तुम्ही तण काढायला जाता. मीही कधी येऊन विचारलं नाही." मग थोड्या वेळाने, "ताई, दुसऱ्यांदा युरिया दिलात ना?"

"कशावरून?"

"रिकामी पोती धुवून, घडी करून ठेवली आहेत. आपल्या घरात असं कोण करतं?"

गोठेवाल्याने युरिया ओतला नाही. त्याची बायको येऊन सांगून गेली, पण उंबऱ्याबाहेरूनच.

२६ ऑगस्ट

मी राखलेल्या झाकणाचा निकाल आला. भावजयीच्या कुठल्याही डब्याच्या कितीतरी पट. गावाला पोटभर हसता येईल एवढा वायू. दोन-दोनदा दिलेले खत मक्याने खाल्लेच नव्हते. मी आकाशाची मशागत करत होते.

सुईवाली घरी येऊन पायरीवर बसली. म्हणाली, साहेबांनी अहवाल पाठवला. त्यात तळाशी एक ओळ आहे: "बाकीच्या नोंदींशी जुळत नसल्याने एक नोंद वगळली आहे."

"कुठली?"

"तुम्ही राखलेली."

तर्कशास्त्रात याला नाव असेल तर आमच्या प्राध्यापकांनी शिकवले नाही. खोट्या नोंदी एकमेकींशी जुळतात म्हणून खऱ्या, आणि खरी त्यांच्याशी जुळत नाही म्हणून खोटी!

२९ ऑगस्ट

केंद्रात गेले. साहेबांची खोली गार आहे, खिडक्या बंद. भिंतीवर पृथ्वीचा तापलेला लाल नकाशा आणि खाली ते शालीसारखे जाकीट घालून बसलेले.

"ताई, आकडा वर गेलाय. गेलेला आकडा परत मागवणं शोभत नाही."

"शोभेचं मी बघते. तुम्ही मागवा."

"तुमच्या सगळ्या नोंदी काढल्या तर तुमचा भाग प्रकल्पात नव्हता असं होईल. तुमचं नाव जाईल. पद्धतीला तुमचं नाव दिलंय आम्ही!"

"ते आधी काढा. पिवळ्या मक्याला कुणी माझ्या नावानं ओळखलेलं मला चालणार नाही."

"बघू. पुढच्या बैठकीत घेऊ."

मी खुर्ची त्यांच्या टेबलासमोर ओढली आणि बसले. पाहणीच्या दिवशी बसले होते तशीच. ते फोनवर बोलले, मी बसले. ते जेवायला गेले, मी बसले. ते परत आले तेव्हा टेबलावरची धूळ पुसून झाली होती. घाबरून ते म्हणाले, "कशाला हात नाही ना लावला?"

"झाकण असलेल्या कशालाही नाही."

संध्याकाळी त्यांनी माझ्या भागाच्या सगळ्या नोंदी रद्द केल्याचे पत्र लिहून दिले. ताई पद्धतीचे पत्रक मागे घेतल्याचेही लिहिले. कारण दिले: "तांत्रिक आर्द्रता." मी ते खोडायला लावून "झाकणे उघडली गेली" असे लिहून घेतले. कुणी उघडली तेही लिहा म्हटले. ते त्यांनी आनंदाने लिहिले.

२० सप्टेंबर

मका काढला. भावजयीच्या भागातली कणसे भरलेली. माझ्या भागातली, टोकाला दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखी. पण चराच्या कडेला माझ्याही भागात काही ओळी हिरव्या, जाड कणसांच्या निघाल्या. "चराच्या कडेला" असे लिहिले आणि थांबले. माझ्या भागात मी चर खणलेला नव्हता.

आप्पांनी दोन्हीकडची कणसे हातात घेऊन दाबून पाहिली. जुनाच चष्मा. काही बोलले नाहीत. किल्लीबद्दलही नाही. म्हणजे ते माझ्यावर सोडले.

२ ऑक्टोबर

आज सकाळी पंपघरात, आप्पा आणि धाकटा यांच्या समक्ष, भावजयीच्या हाती दिले ते असे.

पंपघराची किल्ली. कमरेची साखळी दिली नाही, ती आईची आहे. तिने मागितलीही नाही.

पाऊस मोजायचा पेला, काठावर एक टवका उडालेला. टवका आधीपासूनचा आहे.

युरियाची उरलेली पोती, तोंडे शिवलेली. सोबत तोंडी सांगितले: पाऊस पाहून, पाणी निथरल्यावर, थोडे थोडे, पिकाला लागेल तेव्हा. ती म्हणाली, "हो ताई," जणू हे मी तिला शिकवत होते.

मोटारीचे कुलूप उघडायची खुबी: किल्ली घालून आधी उलटी फिरवावी लागते. हे धाकट्यालाही ठाऊक नव्हते.

फावडे. हंगामाच्या सुरुवातीला मी त्याला धार लावून ठेवले होते आणि नंतर हात लावला नाही. आज पाते बोटभर झिजलेले दिसले आणि दांड्यावर लहान मुठीची काळी खूण. मी खूण पाहिली, मग तिच्या तळव्याकडे पाहिले. तिने हात मागे घेतला. विचारले नाही. फावडे दिले.

मला परत मिळाले ते: बांधावरची खुर्ची. सुईवाली पुढच्या हंगामातही येणार आहे, आणि तिने केंद्राला लिहून कळवले आहे की अर्धा तास झाकणे राखायला एक खंबीर माणूस लागेल, मावशी चालतील.

फडके कुणालाही दिलेले नाही.